नऊशे ग्रॅमची बॅग

खुंट्या एकूण बावीस, आणि त्यांतली सातवी मुंगीची.

गोल्फच्या मैदानाच्या मागच्या अंगाला, गवत कापायची यंत्रं ठेवतात त्या गोदामाला लागून कॅडींची शेड होती. खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या बॅगा खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडणारी ही मंडळी. त्यांचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कुणाला मोडताही येत नव्हता. ज्या खेळाडूचा कॅडी ठरलेला, त्याची बॅग त्या कॅडीच्या खुंटीवर. खुंटीवर बॅग असली की आपल्या खेळाडूच्या वेळेला यायचं, त्याचा खेळ आटोपला की सरळ घरी. खुंटी रिकामी झाली की मात्र सकाळी सहाला येऊन बाकावर बसायचं आणि कॅडींचे मास्तर आपला नंबर कधी पुकारतात त्याची वाट बघायची. नंबर कधी सातला लागे, कधी दुपारी दोनला, कधी लागतच नसे.

मुंगी पाच फुटांना दोन बोटं कमी होती, आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या खांद्याएवढी उंच बॅग घेऊन तिनं टेकडीचा चढ न थांबता पार केला होता. तेव्हापासून तिचं खरं नाव शेडमध्ये कुणी घेतलं नाही. गेली पाच वर्षं सातव्या खुंटीवर जजबाईंची लाल बॅग होती. जजबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश, वय एकाहत्तर. सव्वानऊला सुरुवात करायच्या, अठरांतले नऊच होल खेळायच्या, साडेअकराला हात धुऊन मोकळ्या. त्यांच्या खेळावर घड्याळ लावावं.

आणि मुंगीला आता घड्याळाचीच गरज होती. घरी पाच महिन्यांची मुलगी होती. सासूबाई तिला गठुडं म्हणत, कारण आली तेव्हा दुपट्यात गुंडाळलेल्या गठुड्यासारखी आली आणि अजून तशीच पडून असायची. गठुडं बाटलीला तोंड लावायला तयार नव्हतं. बाटली जवळ आली की ओठ असे मिटायचं, जणू कुणीतरी तिच्याकडून गुपित काढून घ्यायला आलंय. त्यामुळे हिशोब सरळ होता. आठला पाजून निघायचं, बाराला परत. जजबाईंची वेळ असेल तर जमणार होतं. बाक असेल तर जमणार नव्हतं.

बाळंतपणात मुंगीचं पोट कापावं लागलं होतं. टाके सुकले, पण टाक्यांच्या वर बोटभर जागा बधिर राहिली. तिथे चिमटा काढला तरी कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल हळूहळू." ती जागा थोडी थोडी पसरत जाऊन सगळीकडे झाली आहे, असं मुंगीला कधी कधी वाटे. गठुडं हसलं की ती बघायची. हसलं, एवढं कळायचं. मग ती लंगोट बदलायची. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. नवरा कामावरून येऊन विचारायचा, "काय गं, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो." आणि ते खरंच होतं, कारण दुखत काहीच नव्हतं.

पाच महिने मुंगी घरीच होती, मग जजबाईंचा निरोप आला. सोमवारी साडेआठला मैदानाच्या दुकानात ये. मला हलकी बॅग घ्यायची आहे. निवडायची तू.

सासूबाईंनी निरोप दोनदा वाचून घेतला. "बघ! तुझ्यासाठीच असणार. पोट कापलंय म्हटल्यावर जड कशी उचलेल, असं आलं असेल मनात. माणूस आहे हो ती बाई. तुला काही वाटतं की नाही?"

"बरं वाटतं," मुंगी म्हणाली, कारण उत्तर द्यायला हवं होतं.

दुकान पायऱ्या चढून क्लबाच्या इमारतीत होतं. लांबट खोली, एका भिंतीला बूट, एका भिंतीला बॅगा, मधे काचेचं टेबल. मुंगी पोचली तेव्हा जजबाई आधीच उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, आणि ओळंबा लावून उभी केल्यासारखी पाठ. शेजारी जुनी लाल बॅग भिंतीला टेकवलेली.

"आलीस? पोट कसं आहे?"

"बरं आहे, बाई."

"मुलगी?"

"बरी आहे."

"आणि तू?"

"मीपण बरी आहे."

"तिन्ही उत्तरं एकाच साच्यातली आली," जजबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला कुणीतरी पढवून आणलंय." पण त्यांनी पुढे उलटतपासणी घेतली नाही. त्या दुकानदाराकडे वळल्या. "हं, दाखवा तुमच्या हलक्या बॅगा. आणि एक आधीच सांगते. वाहणार मी आहे. खांदा माझा."

दुकानदाराचे हात बॅगेकडे जाता जाता थांबले. "म्हणजे... स्वतः, मॅडम?"

"म्हणजे स्वतः. पाच महिने हिच्या जागी तुमचा तो रेडिओ होता माझ्याबरोबर. चांगला मुलगा आहे, पण बंद करायचं बटण नाही त्याला. मी चेंडूवर नजर लावायची आणि हा त्याच्या मेव्हण्याचं लग्न सांगायचा. तेव्हा म्हटलं, आपली बॅग आपण घ्यावी." मग मुंगीकडे बघून म्हणाल्या, "तेवढंच नाही गं. घरी मुलगा हातातली पिशवी ओढून घेतो. सून जिन्यात दंड धरते. परवा बागेत कुण्या अनोळखी पोरीनं मला रस्ता ओलांडून दिला, मला ओलांडायचाही नव्हता. उचलायला काही ठेवलेलंच नाही कुणी माझ्याकडे. निदान माझ्या काठ्या मी उचलीन."

कमरेत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर पायावर कुणी टिचकी मारावी, ती डोळ्यांना दिसावी आणि पायाला कळू नये, तसं मुंगीला झालं. सातवी खुंटी गेली. बाक. सहा वाजता. गठुडं आणि बाटली. एकामागून एक सगळं दिसलं, आणि ती तशीच उभी राहिली.

"मग मला कशाला बोलावलंत, बाई?"

"तुझ्याइतकं बॅगेतलं कुणाला कळतं? पाच वर्षं वागवलीस की."

दुकानदारानं दोन बॅगा काचेच्या टेबलावर आणून ठेवल्या. एक करडी, सडसडीत, नळकांड्यासारखी, वर एकच पट्टा. दुसरी निळी, तिला पाठीवर घ्यायचे दोन पट्टे, कमरेशी मऊ गादी, आणि पुढे दोन बारीक पाय. जमिनीला टेकवली की पाय आपोआप बाहेर येऊन बॅग तिरपी उभी राहते, अशी.

"ही करडी बघा, मॅडम. पीस आहे पीस! नऊशे ग्रॅम. निळी पावणेदोन किलो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तुम्हाला स्वतः न्यायची म्हटल्यावर प्रश्नच नाही." त्यानं करडी बॅग करंगळीवर लटकवून दाखवली. "माझी बायको सोन्याच्या दुकानात बांगडी अशी धरते."

"आणि तुम्ही काय धरता?"

"मी? श्वास, मॅडम."

जजबाई हसल्या. त्यांनी दोन्ही लेबलं चष्मा लावून वाचली. आयुष्यभर कागदावरचं वाचून निकाल दिलेलं माणूस. "पुरावा तर स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "मुंगे, तुझं मत?"

मुंगीला करडी बॅग बघताक्षणीच कळली होती. तिला पाय नव्हते. म्हणजे दर फटक्याला ती जमिनीवर आडवी टाकायची आणि दर फटक्यानंतर वाकून उचलायची. जजबाई नऊ होलांना पन्नासच्या आसपास फटके घेत. त्यांचे गुडघे कसे आहेत ते मुंगीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कारण होलातला चेंडू पाच वर्षं मुंगीच काढून द्यायची. एकच पट्टा एकाच खांद्यावर काचणार. ओल्या गवतात बॅग पडणार, पट्टा भिजणार, भिजलेला पट्टा घसरणार. तीन दिवस, फार तर चार. मग जजबाई म्हणणार, जाऊ दे, मुंगीला बोलवा. बॅग पुन्हा सातव्या खुंटीवर.

त्यासाठी मुंगीला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसलं की झालं.

"हलकी आहे, बाई," ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. शेडमधल्या कुणीही हे शपथेवर सांगितलं असतं.

दुकानदारानं लेबल कापायला कात्री उचलली. "राहू दे ना, दादा," मुंगी एकदम म्हणाली. "आधी फिरून तर येऊ दे त्यांना." आपण असं का म्हणालो ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं लेबल दुमडून आतल्या कप्प्यात खोचलं.

लाल बॅगेतल्या काठ्या करडीत गेल्या. लाल बॅग मुंगीनं शेडमध्ये नेऊन सातव्या खुंटीवर टांगली. आजच्यापुरतं तरी कुणाला काही बोलायला नको.

सव्वानऊला जजबाई निघाल्या, बॅग उजव्या खांद्यावर. "तू ये बरोबर," त्या म्हणाल्या होत्या, "पण हात लावायचा नाही." मुंगी रिकाम्या हातांनी मागे चालली. हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा पाठीमागे बांधले, एकदा ओढणीत गुंडाळले. उजव्या खांद्यावर, जिथे पाच वर्षं पट्टा बसला होता, तिथे रुपयाएवढी कातडी राठ आणि बधिर झालेली होती. गठुडं ढेकर काढायला तिथेच डोकं ठेवायचं.

पहिल्या होलाला सगळं छान होतं. "अगं, आहे की नाही तेच कळत नाही!" जजबाई म्हणाल्या.

दुसऱ्या होलापर्यंत पट्टा दोनदा घसरला. तिसऱ्यावर उजवा खांदा खाली गेला आणि ती ओळंब्यातली पाठ एका बाजूला कलली. बॅग गवतात टाकणं, काठी काढणं, मारणं, वाकणं, बॅग उचलणं, चालणं. पुन्हा टाकणं. मुंगी मोजत नव्हती, तरी आकडे आपोआप डोक्यात जमत होते. सोळा. सतरा. जजबाई उठताना डावा हात गुडघ्यावर ठेवू लागल्या होत्या. ठरवल्याप्रमाणेच चाललं होतं सगळं. मुंगीला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

चौथ्या होलावर जजबाई बॅग उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मुंगी चार पावलं मागे होती. जजबाईंनी एक क्षण घेतला, मग हात बॅगेवरून काढून बुटाकडे नेला आणि मोजा वर ओढला. मोजा आधीच वर होता. त्यांनी तो पुन्हा ओढला, मग दुसऱ्या पायाचाही ओढला. मग हळूच, एका श्वासात, उठल्या.

मुंगीनं दवाखान्यात हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी नवरा भेटायला आला, तेव्हा खाटेवरून उतरताना ती मधेच अडकली होती, आणि त्याला कळू नये म्हणून चप्पल सरळ करत बसली होती. सरळ असलेली चप्पल. तो म्हणाला होता, "वा, उठायला लागलीस की!"

आत्ताही तिला वाटलं काहीच नाही. पण कळलं. आणि कळल्यावर गप्प बसणं अवघड होतं. ते काही वाटण्यावर अवलंबून नव्हतं.

"बाई, ही बॅग चुकीची आहे."

जजबाई वळल्या. "काय म्हणालीस?"

"हलकी आहे, पण चुकीची आहे. हिला पाय नाहीत. तुम्हाला प्रत्येक वेळी वाकायला लागतंय. अजून तीस वेळा वाकायला लागेल. ती निळी घ्यायला हवी होती. ती जड लागली तरी पाठीवर बसते आणि आपली आपण उभी राहते."

"हे तुला आत्ता कळलं?"

"नाही."

"दुकानात माहीत होतं?"

"हो."

जजबाईंनी बॅग खाली टाकली नाही, उचलूनही धरली नाही. पट्टा कोपरात तसाच लटकत राहिला. त्या बघत होत्या. आरोपीकडे बघत असतील तशाच बहुधा, पापणी न हलवता, घाई न करता. "मग?"

"तुम्ही थकला असतात तर मला परत बोलावलं असतंत," मुंगी म्हणाली. "तुमची बॅग गेली की माझी खुंटी जाते. मग बाक. सहाला यायचं आणि नंबरची वाट बघायची. मुलगी बाटली घेत नाही."

जजबाईंनी लटकता पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला.

"खुंटीचा मी विचारच केला नव्हता," त्या म्हणाल्या. "बाकाचं मला माहीत होतं. जोडून पाहिलं नाही." मग जरा कडक आवाजात, "पण तू मला तीन होल वाकायला लावलंस."

"हो, बाई."

"चौथा अर्धा."

"हो."

"चल. लेबल कापलं नाहीये ना?"

"नाही. आत खोचलंय."

जजबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हणजे गुन्हा करतानाच माघारीची सोय करून ठेवली होतीस," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

दुकानात मुंगीनं निळ्या बॅगेत काठ्या भरल्या, मग भरलेली पाण्याची बाटली, छत्री, रेनकोट, टॉवेल. रिकाम्या बॅगेचं वजन दुकानदारासाठी असतं. वाहणाऱ्याला भरलेलीच मोजावी लागते. तिनं ती जजबाईंच्या पाठीवर चढवली. गठुड्याला पोटाशी बांधायची झोळी ती रोज जशी बसवायची तशीच बसवली. आधी कमरेची गादी, मग एक पट्टा, मग दुसरा, मग दोन्हींखाली दोन बोटं घालून बघायचं, काचत तर नाही. "बारा पावलं जा, वळा, या. आता टेकवा. नुसती टेकवा, बाई, वाकू नका." बॅगेचे पाय खट्कन बाहेर आले. बॅग उभी राहिली. जजबाईही उभ्याच होत्या. त्यांनी परत उचलली, परत टेकवली. खट्. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी टेकवली. खट्.

"नऊशे ग्रॅमचं काय करू मग मी?" दुकानदार करडी बॅग हातात घेऊन म्हणाला.

"श्वास धरा," जजबाई म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर त्या थांबल्या. "लाल बॅग खुंटीवर राहू दे म्हटलं तर? नुसती. म्हणजे तुझी जागा..."

"रिकाम्या हातांनी मागे चालता येत नाही, बाई," मुंगी म्हणाली. "आजच करून बघितलं. हात कुठे ठेवायचे कळत नाही."

जजबाईंनी मान हलवली. निळी बॅग पाठीवर घेऊन त्या उरलेले होल खेळायला गेल्या, एकट्या.

मुंगीनं लाल बॅग खुंटीवरून उतरवली. कॅडी-मास्तर खिडकीतून बघत होते. "बाक?"

"बाक. मास्तर, रोज अकराला माझी मुलगी येईल. दूध प्यायला."

"खेळायला नाही ना येत? मग येऊ दे. नंबर लागला असला तर?"

"तर सासूबाई थांबतील तिला घेऊन."

"सभासद विचारतील, कॅडींच्या शेडमध्ये कोण रडतंय."

"काय सांगाल?"

"सांगेन, रेडिओ."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "गप्प बसायला काय जात होतं तुझं? तोंड एरवी बंदच असतं की पाच महिने! नेमकं आजच उघडायचं होतं?" मग बराच वेळ त्या दुपट्याच्या घड्या घालत राहिल्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "चढ केवढा आहे गं त्या शेडपर्यंत?"

"थोडा आहे, आई."

"तुझं थोडं मला माहीत आहे. छत्री लागेल का? ऊन लागतं तिला."

बुधवारी मुंगी सहापासून बाकावर होती. आकाश ढगाळ होतं. तिचा नंबर बारा. अकरा वाजेपर्यंत नऊ नंबर पुकारून झाले होते. सासूबाई आल्या त्या घामाघूम, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गठुडं, आणि तोंडानं चढाचा उद्धार. मुंगी भिंतीशी, सातव्या खुंटीखाली बसली. खुंटीवर आता कुणाची तरी टोपी होती. गठुडं डोळे मिटून प्यायला लागलं, एक हात वर करून, जणू हजेरी देतंय.

शेडच्या पुढून नवव्या होलाकडे जायची वाट होती. सव्वाअकराच्या सुमाराला त्या वाटेनं जजबाई आल्या. निळी बॅग दोन्ही खांद्यांवर, पाठ सरळ. जवळजवळ सरळ. मुंगीनं मान तिरकी करून पाहिलं.

"बाई!" ती बसल्या जागेवरून ओरडली. गठुड्यानं क्षणभर पिणं थांबवलं. "डावा पट्टा दोन बोटं वर घ्या!"

जजबाई थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत. चालता चालता डावा अंगठा पट्ट्यात घातला, ओढला. बॅग मधोमध बसली. हात वर करून त्यांनी तो तसाच धरला थोडा वेळ, मग खाली घेतला आणि चढाला लागल्या.

मुंगीनं गठुड्याला उजव्या खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटली. ढेकर आली.

"अगं, भिजवलं की तुला," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"खांद्यावर. कळत नाही का?"

मुंगीनं डाव्या हातानं चाचपून पाहिलं. ओलं होतं. बोटांना कोमट लागलं.

मास्तरांनी नंबर पुकारला, दहा. मुंगीनं गठुडं दुसऱ्या बाजूला घेतलं. अजून वेळ होता.